सात विरुद्ध पाच

गुरुवारी रात्री घरी आले तरी डोक्यात तेच चालू होतं.

आमच्या शेजारच्या बाई ज्यू आहेत. त्यांच्या ओळखीतली बारा माणसं मिळून पैसे जमवतात आणि ते कुणाला द्यायचे हे एकत्र बसून ठरवतात. इथे याला गिव्हिंग सर्कल म्हणतात. भिशीच म्हणा, फक्त नंबर बाहेरच्याचा लागतो. प्रत्येकाने वर्षाला निदान ३६० डॉलर घालायचे. हिब्रूत अक्षरांना आकडे असतात. ‘खाय’ म्हणजे जिवंत, त्या शब्दाची बेरीज १८, म्हणून देणगी १८च्या पटीत. १०१, ५०१ची पाकिटं भरणाऱ्या मला हे लगेच पटलं.

गुरुवारी शेजारणीबरोबर मीही त्यांच्या बैठकीला जाऊन बसले. शेवटी दोनच अर्ज उरले होते. एक संस्था शिधा वाटते, दुसरी बिनव्याजी कर्ज देते. एवढ्याशा रकमेसाठी अडीच तास चर्चा! कुणी बाराव्या शतकातल्या मायमोनिडीझ या ज्यू धर्मपंडिताचा दाखला दिला. त्याने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्यात. सगळ्यात वरची म्हणजे कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन माणसाला असं उभं करायचं, की पुन्हा हात पसरायची वेळ येऊ नये. न्यूयॉर्कची हिब्रू फ्री लोन सोसायटी १८९२पासून हेच करते आहे. त्यावर समोरचे आजोबा म्हणाले, “भुकेला माणूस पायऱ्या मोजत नाही.” सगळ्यात जास्त पैसे त्यांचेच, हे शेजारणीने मला हळूच सांगितलं. पण मत प्रत्येकाला एकच. चिठ्ठ्या उघडल्या. कर्जाला सात, शिध्याला पाच. आजोबांनी चष्मा पुसला आणि विचारलं, “मग त्यांना कळवणार कोण?”

बस्स, इतकंच. ना रुसवा, ना ‘पुढच्या वर्षी बघतो’. आमच्या इथल्या मराठी मंडळात मोठा चेक देणारा बोलला की विषय संपतो. मीही तिथे कितीदा गप्प बसले आहे.

एका बाबतीत मात्र मी वाद घातला. देणाऱ्याचं नाव घेणाऱ्याला कळू नये, हे त्यांच्याकडे फार मोठं मानतात. गुप्तदान आपल्यालाही ठाऊक आहे. पण गणपतीत पडद्यावर आमचं नाव झळकतं, त्यात मला काही वावगं वाटत नाही. एकाचं नाव बघून दुसरा देतो. मी त्यांना पुण्याच्या ससूनबद्दल सांगितलं. बगदादहून मुंबईत आलेल्या डेव्हिड ससून या ज्यू व्यापाऱ्याच्या देणगीतून ते रुग्णालय उभं राहिलं. माझ्या आजीला तिथेच नेलं होतं. नाव लागलं म्हणून त्या दानाचं काय कमी झालं? टेबलावर क्षणभर कुणी बोललंच नाही. मग आजोबांनी विचारलं, “अजून चालू आहे?” चालू आहे म्हटल्यावर ते इतके हरखले, की मलाच भरून आलं.

पुढच्या वर्षासाठी मी ३६० डॉलर घालते म्हणून सांगून आले. आणि रविवारी आमच्या मंडळाची बैठक आहे, तिच्यासाठी चिठ्ठ्यांचे कागद कापून ठेवलेत.