समुद्र नाही, पण मीठ आहे

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथे जमिनीखालचं पाणीच खारं. समुद्र मी आयुष्यात एकदाच पाहिला, पण खारं पाणी काय करतं हे आम्हाला कुणी सांगायला नको. बोअरचं पाणी दिलं की माती आधी चिकट, मग दगड. बाबांनी एकदा हौसेनं हरभऱ्याला दिलं होतं. माय अजून टोमणे मारते.

म्हणून १९९९ च्या ओडिशाच्या चक्रीवादळाबद्दल वाचताना मी मिठापाशीच अडकलो. २९ ऑक्टोबरला पारादीपजवळ ते धडकलं, एरसमा भागात समुद्र पाच-सहा मीटर चढून आत आला. जवळपास दहा हजार माणसं गेली. मला वाटायचं, पावसानं बुडाली असतील. पण वाऱ्यानं समुद्रच लोटत आणला होता. हवेचा दाब एक मिलिबार उतरला की पाणी सेंटीमीटरभर फुगतं. एरवी तो हजाराच्या थोडा वर असतो, तिथे ९१२ पर्यंत उतरला, म्हणजे तो फुगवटा जेमतेम मीटरभर. बाकी सगळी करामत वाऱ्याची आणि उथळ किनाऱ्याची.

१९७७ च्या नोव्हेंबरात आंध्रच्या दिवीसीमेत हेच. १९७० च्या, आताच्या बांगलादेशातल्या भोला वादळात तर तीन लाखांवर माणसं गेली. हा आकडा मी दोनदा वाचला.

बाबांना सांगितलं, धानाच्या बांध्यांत समुद्र शिरला होता. ते सुपारी कातरत थांबले.

"वाचले त्याईनं मंग पेरलं कसं?"

पावसानं मीठ धुवून जातं हळूहळू, म्हटलं.

"तिकडं पाऊस हाय बाप्पा," ते म्हणाले आणि पुन्हा कातरू लागले.