बऱ्या दिवसांतली गोळी

परभणीत एप्रिल लागला की माझ्या मास्ट पेशींच्या आजाराचे कठीण दिवस सुरू होतात. त्वचेत, श्वसनमार्गात आणि आतड्यांच्या अस्तरात असलेल्या मास्ट पेशींमध्ये, म्हणजे ॲलर्जीत भाग घेणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींमध्ये, हिस्टामिनसारखी रसायने साठवलेली असतात, आणि माझ्यासारख्यांच्या शरीरात ती ऊन, घर्षण, कीटकदंश, एखादे औषध किंवा नुसत्या मानसिक ताणानेही एकदम बाहेर पडतात. चेहरा लालबुंद होतो, अंगावर गांधी उठतात, पोटात कळा येतात. कधी रक्तदाब इतका उतरतो की उभे राहवत नाही. शेजारच्या काकू पित्त उठले म्हणून मायेने आमसुलाचे पाणी आणून देतात. ते मी घेते, पण गोळी चुकवत नाही.

आराम पडला की गोळी बंद करायची, ही सवय आपल्याकडे घरोघरी आहे आणि या आजारात तीच घातक ठरते. एसटीत रुमाल टाकून जागा धरावी, तशी अँटीहिस्टामिनची गोळी पेशींवरची हिस्टामिनची जागा आधीच अडवून ठेवते. हिस्टामिन तिथे पोहोचल्यावर घेतलेल्या गोळीचा उपयोग त्यामानाने कमी होतो. म्हणून फेक्सोफेनाडिन ही अँटीहिस्टामिनची गोळी मी बऱ्या दिवसांतही ठरल्या वेळी घेते, तेही पाण्यासोबतच, कारण संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसाने तिचे शोषण घटते. जालन्याची मोसंबी आमच्याकडे मुबलक असते. तिचा रस मी दुपारसाठी राखून ठेवते. जोडीला पोटातल्या हिस्टामिनची जागा अडवणारी फॅमोटिडीन आणि रात्री मास्ट पेशींच्या दुसऱ्या रसायनांना रोखणारी माँटेलुकास्ट असते. मात्रा अर्थातच डॉक्टरांनी ठरवलेली आहे.

अंग दुखले की इंजेक्शन घ्यायचे, हे गावाकडे सर्रास चालते, आणि ते पुष्कळदा डायक्लोफेनॅकचे असते. या गटातली वेदनाशामके काही रुग्णांना सोसतात, मला सोसत नाहीत. त्यामुळे वर्ज्य औषधांची चिठ्ठी मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून पर्समध्ये ठेवली आहे.

सर्वांत जपावे लागते ते ॲड्रेनालिन, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या झटक्यात द्यायचे इंजेक्शन. ते २५ अंशांखाली आणि उजेडापासून दूर ठेवायचे असते, आणि इथे मे महिन्यात पारा ४० च्या वर असतो, त्यात वीज जाते. ओल्या वाळूत बसवलेल्या मडक्यात, घट्ट झाकणाच्या डब्यात मी त्याची अँप्यूल (काचेची बंद कुपी) ठेवते आणि द्रावण गुलाबी किंवा तपकिरी दिसले तर टाकून देते. श्वास कोंडला किंवा भोवळ आली, तर मला आडवे करून पाय उंच ठेवायचे (श्वास घेणे जड जात असेल तर पाय पसरून बसवायचे), मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत इंजेक्शन द्यायचे आणि लगेच १०८ ला फोन करायचा, हे जाऊबाईंनी डॉक्टरांसमोर शिकून घेतले आहे. माझा त्यांच्यावर पूर्ण भरवसा आहे.

दवाखान्यात पोहोचल्यावर ट्रिप्टेजसाठी, म्हणजे मास्ट पेशींतून बाहेर पडणाऱ्या विकराच्या तपासणीसाठी, रक्त घ्यायला सांगावे लागते, कारण त्रास सुरू झाल्यापासून चार तासांच्या आत घेतलेला नमुनाच नेहमीच्या पातळीशी ताडून पाहता येतो. धावपळीत हे हमखास राहून जाते, म्हणून चिठ्ठीच्या मागच्या बाजूला माझी नेहमीची पातळी आणि नमुना कोणत्या लॅबला पाठवायचा, हे दोन्ही लिहून ठेवले आहे.