बिलासाठी नंबर कशाला?

आज दुकानात काउंटरवर पुन्हा तेच. सामान स्कॅन झालं, पैसे द्यायला कार्ड काढलं, तर म्हणे "मोबाइल नंबर सांगा." नाही म्हटलं, तर त्याशिवाय सिस्टिम पुढे जात नाही म्हणे. शेजारच्या काउंटरवर एका मुलीने आपला नंबर अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असा दोनदा सांगितला. फार अस्वस्थ झाले. मी अडून बसले, तेव्हा मॅनेजरने येऊन नंबराशिवाय बिल काढून दिलं. म्हणजे निघतं की! (काउंटरवरच्या पोराचा काही दोष नाही, त्याला वरून सांगितलेलं असतं.)

दुकानात चोरी रोखायला कॅमेरे असावेत, माझी ना नाही. पण चेहरा ओळखणारे कॅमेरे? अमेरिकेत राइट एड या औषध दुकानांच्या साखळीने ते लावले आणि निरपराध गिऱ्हाइकांवर चोरीचा आळ आला. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांचं हित पाहणारी सरकारी संस्था) राइट एडला चेहरा ओळखणारं तंत्र वापरायला ५ वर्षांची बंदी जाहीर केली. नंबर बदलता येतो, चेहरा कसा बदलणार?

निघताना मॅनेजरला विचारलं, फुटेज किती दिवस ठेवता, बघतं कोण? त्यांना सांगता आलं नाही. उद्या हेच लेखी विचारणार आहे.