अंतूरला थंडीत नाळेने जाऊ नका

कन्नड तालुक्यातल्या अंतूर किल्ल्यावर जाणार असाल तर नागापूरकडून जाणारा कच्चा गाडीरस्ता धरा आणि त्याच रस्त्याने परत या. दरीत उतरून नाळेने, म्हणजे डोंगरातल्या अरुंद घळीतून, गडाच्या खांद्यावर चढायची जी 'जवळची वाट' सांगतात, ती डिसेंबर-जानेवारीत वाट म्हणून शिल्लकच नसते. आम्हाला ती मोबाइलवरच्या ट्रॅकमध्ये (आधी कुणी चालून नोंदवलेल्या वाटेच्या नकाशात) मिळाली आणि कन्नडहून नेणाऱ्या जीपवाल्याने छातीठोकपणे सांगितलं, "मळलेली वाट आहे, दीड तासात वर." चार तासांपेक्षा जास्त लागले.

कुठलाही ट्रॅक घेताना तो कोणत्या महिन्यात नोंदवलाय ते आधी बघा. हा मे महिन्यातला निघाला. उन्हाळ्यात या डोंगरात गवताची काडी नसते, गुरांच्या वाटा लांबून दिसतात. पावसाळा गेला की तीच जमीन छातीएवढ्या वाळक्या गवताखाली जाते. पाय दगडावर पडतोय की दोन दगडांमधल्या फटीत, ते पडल्यावरच समजतं. कुसळं मोज्यातून आरपार घुसतात. गेटर (बुटापासून पोटरीपर्यंत बांधायचं जाड कापड) नसतील तर या उतारावर पाऊलही टाकू नका.

गवत संपलं की नाळ सुरू होते आणि खरा त्रास तिथे आहे. खाली घसारा, म्हणजे पायाखालून निसटणारी सुटी दगडमाती, दोन्ही बाजूंनी घाणेरी आणि तिच्यावर चढलेली खाजकुयली. थंडीत खाजकुयलीच्या शेंगा वाळलेल्या असतात. नुसता धक्का लागला तरी सोनेरी लव उडते आणि मानेवर, मनगटावर बसते. खाजवलं की ती सगळ्या अंगभर पसरते. आमच्यातल्या एकाने भाबडेपणाने बाही वर करून घसाघसा चोळलं आणि त्याचा हात कोपरापर्यंत लाल झाला. बरोबर नागापूरच्या बाजूचे एक मामा वाटाड्या म्हणून होते. त्यांनी वाळलेलं शेण चुरून हातावर घासलं आणि झटकलं. बराच उतार पडला. चिकटपट्टीने लव उपटून काढली तरी चालते, पण हात लावू नका. पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्याला उपरणं, हातमोजे. उकडलं तरी काढायचे नाहीत.

याच नाळेत अस्वल भेटलं.

आधी विष्ठा दिसली, बोराच्या बियांनी गच्च भरलेली. मामा थबकले. थंडीत बोरं पिकतात तेव्हा अस्वलं बोरीखाली येतात, हे त्यांनी सकाळीच सांगितलं होतं. मग वरच्या वळणाआडून आवाज यायला लागला, भाता चालवल्यासारखा, भुस्स-भुस्स, मध्येच जोरात ओढल्यासारखा. अस्वल वारुळातली वाळवी ओढून खातं तेव्हा असाच आवाज होतो. त्याचे वरचे पुढचे दोन दात नसतात आणि नाकपुड्या मिटता येतात, त्यामुळे तोंडाची नळी करून ते आधी धूळ फुंकतं आणि मग वाळवी ओढतं. वळण घेतलं आणि ते समोर, पंचवीस-तीस पावलांवर. वारुळ अर्धं फोडलेलं, पुढचे पंजे लाल मातीने माखलेले, नख्या पांढुरक्या आणि बोटाएवढ्या लांब.

"हालू नका," मामा हळूच म्हणाले. वारा त्याच्याकडून आमच्याकडे होता, म्हणून त्याला आमचा पत्ताच नव्हता. मामांनी काठी दगडावर दोनदा आपटली आणि गप्पा मारतात तशा साध्या आवाजात बोलायला लागले, "जा बाबा, जा तुझ्या वाटंनं." ते मागच्या पायांवर उभं राहिलं. छातीवरचा पांढरा पट्टा अगदी स्पष्ट दिसला. नाक वर करून हुंगलं, हुंकारलं आणि घाणेरी मोडत वर निघून गेलं. आम्ही तोंड त्याच्याकडे ठेवूनच मागे सरकलो. माझे पाय थरथरत होते आणि इतका आनंद मला कुठल्याच सफारीत झालेला नाही.

म्हणून सांगतो, या डोंगरात मोठ्याने बोलत चला. जंगलात गप्प राहावं हा नियम इथे चालत नाही. अस्वलाचं नाक तिखट, पण नजर आणि कान बेताचे. अचानक जवळ आलात तर ते दचकून अंगावर येतं. पळू नका. झाडावर चढू नका, ते तुमच्यापेक्षा चांगलं चढतं. हिवाळ्यात मादी गुहेत, कपारीत विते आणि पहिले दोनेक महिने पिलं आतच असतात, त्यामुळे कुठल्याही कपारीत टॉर्च मारून डोकावू नका. बिबटे तर आहेतच. २०२१ साली यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातून एक वाघ चालत इथल्या गौताळ्याच्या जंगलात आला होता. गौताळा-औट्रम घाट १९८६ पासून अभयारण्य आहे, तेव्हा वनखात्याच्या नाक्यावर नोंद आणि परवानगी आधी, स्थानिक माणूस बरोबर, मगच पाऊल. मामांशिवाय आम्ही त्या वळणावर थेट त्याच्या पुढ्यात गेलो असतो.

गड उत्तम आहे. दरवाजे, तटबंदी, वर तळं आणि कड्यावरून खाली पसरलेलं खानदेश. गाडीरस्त्याच्या बाजूला, कुठली वाट कुठे जाते ते फारसीत सांगणारा निजामशाही काळातला मैलाचा दगड आहे, तो चुकवू नका. पिण्याचं पाणी मात्र माणशी तीन लिटर खालूनच न्या. जानेवारीत नाळा कोरड्या असतात. सहाच्या सुमारास सूर्य बुडतो, म्हणून तीन वाजता गड सोडा.

आता जीपचं. ठरले होते जाऊन-येऊन अडीच हजार. संध्याकाळी आम्ही कुसळांनी भरलेले, एक जण हात खाजवत खाली आलो तेव्हा 'थांबण्याचे' म्हणून आणखी बाराशे मागितले. ज्याने दीड तास सांगितला होता त्यानेच! अंधार पडत होता, द्यावे लागले. थांबण्याचे तास, कच्च्या रस्त्याचं अंतर आणि एकूण रक्कम निघण्याआधीच त्याच्याकडून लिहून घ्या, अर्धे पैसे परत कन्नडला उतरल्यावर द्या. आणि मामांसारख्या माणसाशी घासाघीस करू नका. त्यांनी दिवसाचे सहाशे मागितले होते, आम्ही हजार दिले.