आखडत्या हाताने केलेली खुराड्याची डागडुजी

परसातल्या खुराड्याची दुरुस्ती करायचे ठरवले, तेव्हा मी केलेल्या यादीत पहिल्या क्रमांकावर रंग होता, दुसऱ्यावर अंडी घालण्यासाठी नवे खोके आणि अगदी शेवटी, जमलेच तर, जाळी. बाजूला काढलेली रक्कम इतकी तुटपुंजी होती की निम्म्या यादीला कात्री लागणार हे उघडच होते. कोणत्या निम्म्याला लावायची, एवढेच माझे चुकले. रंगाचा डबा घरात आला आणि त्याच आठवड्यात एका रात्री सहापैकी एक कोंबडी गेली. सकाळी पाहिले तर षटकोनी छिद्रांची जाळी एका कोपऱ्यात ओढून फाडलेली होती आणि आत पिसांचा खच पडला होता.

ही बारीक तारेची जाळी कोंबड्यांना आत ठेवण्यापुरतीच असते. बाहेरच्याला बाहेर ठेवण्याचा दम तिच्यात नसतो, आणि गंज चढल्यावर तर ती हातानेही तुटते. त्याऐवजी प्रत्येक सांध्यावर वेल्डिंग केलेली चौकोनी जाळी लागते, तीही साधारण १२ मिलिमीटर छिद्रांची, म्हणजे मोठे उंदीरही आत शिरत नाहीत. ती महाग पडते, म्हणून कोंबड्या रात्री झोपतात तो भाग मी पूर्णपणे तिने मढवला आणि दिवसा फिरायच्या आवाराला मात्र ती फक्त कमरेच्या उंचीपर्यंत लावून वर जुनीच ठेवली. जमीन उकरून आत येणाऱ्यांसाठी चर खणण्याऐवजी एक सोपा उपाय केला: जाळीची सुमारे ३० सेंटिमीटर रुंद पट्टी भिंतीच्या पायथ्याशी घट्ट बांधून बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी पसरली आणि तिच्यावर दगड ठेवले. जनावर भिंतीला अगदी चिकटून उकरू लागते, पंजाखाली जाळी लागते, आणि चार पावले मागे जाऊन उकरावे हे त्याला सहसा सुचत नाही. जाळी ठोकताना नुसत्या यू आकाराच्या खिळ्यांवर विसंबू नये. स्क्रू आणि त्याखाली रुंद वायसर लावल्याने ती ओढून निघत नाही.

दुसरी चूक मी आधीच्या थंडीत केली होती. कोंबड्यांना गारठा लागेल म्हणून छपराखालच्या सगळ्या फटी गोणपाटाने बुजवल्या होत्या. पिसे फुलवून बसलेली कोंबडी कोरडी थंडी बऱ्यापैकी सोसते. तिला बाधतो तो दमटपणा. एकदा पहाटे खुराड्यात गुडघ्यावर बसून डोके कोंबड्यांच्या उंचीला आणले, तेव्हा विष्ठेतून उठणाऱ्या अमोनियाने डोळ्यांतून पाणी आले, आणि हीच हवा त्या रात्रभर घेत होत्या. गोणपाट काढले, दांडीवर बसलेल्या कोंबड्यांच्या डोक्यांच्या वरच्या पातळीवर समोरासमोर झरोके ठेवले आणि उरलेल्या पत्र्याच्या तुकड्याने छपराची वळचण वाढवली. या कामाला जवळपास काहीच खर्च आला नाही. जमिनीवर सुताराच्या रंध्याखालून निघणारा जाडसर भुगा टाकतो. मुठीत दाबल्यावर त्याचा गोळा झाला, तर तो ओला आहे असे समजून बदलतो.

जुन्या दांडीची गोष्ट वेगळीच निघाली. अंडी कमी झाली होती, तुरे फिकट पडले होते आणि कारण दिवसा कुठेच दिसत नव्हते. रात्री बॅटरी घेऊन गेलो आणि पांढऱ्या कापडाचा तुकडा दांडीच्या खालच्या बाजूने फिरवला, तर कापडावर रक्ताचे बारीक ओरखडे उमटले. लाल माइट नावाचे बारीक जीव दिवसभर लाकडाच्या भेगांत दडून बसतात आणि अंधारात बाहेर पडून रक्त पितात. उष्ण हवेत त्यांची नवी पिढी जेमतेम आठवडाभरात तयार होते, त्यामुळे एकदा साफ करून भागत नाही. ती दांडी जाळली, सांधे उकळत्या पाण्याने धुतले आणि तेच काम दर आठवड्याला, सलग तीन वेळा केले. नवी दांडी चार-पाच सेंटिमीटर रुंद, सपाट, कडा घासून गोल केलेली आणि मुख्य म्हणजे उचलून बाहेर काढता येईल अशी बसवली. कोंबडीमागे २० ते २५ सेंटिमीटर जागा पुरते. दांडी अंड्यांच्या खोक्यांपेक्षा उंच हवी, नाहीतर कोंबड्या खोक्यातच झोपून अंडी घाण करतात.

हे बरेचसे लाकूड टाकून दिलेल्या पॅलेटचे, म्हणजे माल रचायच्या लाकडी चौकटीचे आहे. त्यावर 'एचटी' असा शिक्का असेल तर ते उष्णतेने निर्जंतुक केलेले असते. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले, ते मी घेतले नाही.

नव्या खोक्यांचे काय? चार-पाच कोंबड्यांना एक पुरते, आणि दोन ठेवले तरी सगळ्या एकासमोरच रांग लावतात. जुन्या कपाटाचा एक खण आडवा ठेवून त्यात भुसा भरला, तेवढ्यावर भागले.

रंगाचा डबा मात्र अजून उघडलेला नाही. तो आवाराच्या मागच्या कोपऱ्यात, दगड कमी पडला तिथे, जाळीच्या पट्टीवर वजन म्हणून ठेवला आहे.