नऊ महिन्यांच्या आधीची लस

एप्रिलमधला रविवार. धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावरची कुटुंबं गुजरातेतली ऊसतोड संपवून आदल्या संध्याकाळीच परतली होती. उपासना कुडाच्या घरात, एकच दार, खिडकी नाही, आत पंचवीसेक माणसं. आमचा सात महिन्यांचा मुलगा गोधडीवर इतर लेकरांत लोळत होता. शेजारी दोन वर्षांची एक मुलगी आईच्या मांडीवर किरकिरत होती. ताप, खोकला, वाहतं नाक, लाल डोळे. अंगावर पुरळ नव्हतं. मी नर्स आहे, म्हणून टॉर्च लावून तिच्या गालाच्या आत पाहिलं. दाढांसमोर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके होते. गोवर.

हे ठिपके पुरळाच्या एक-दोन दिवस आधी दिसतात. गोवर पसरतो मात्र पुरळाच्या चार दिवस आधीपासून चार दिवस नंतरपर्यंत, आणि बंद खोलीत रुग्ण उठून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहतो. म्हणून आपलं बाळ उचलून कोपऱ्यात नेण्यात अर्थ नव्हता. उपासना मोहाच्या झाडाखाली हलवली.

पहिला विचार आला तो बाळाला मोटरसायकलवरून शहरातल्या डॉक्टरांकडे न्यायचा. पण त्याच गोधडीवर लस न मिळालेली आणखी चार मुलं होती, आणि त्यांच्या दारात मोटरसायकल नव्हती. त्यांना तिथेच सोडून आपलंच मूल घेऊन निघालो असतो, तर त्या घरात पुन्हा प्रार्थनेला कोणत्या तोंडाने बसलो असतो?

घड्याळ ७२ तासांचं होतं. संपर्कानंतर तेवढ्यात गोवर-रुबेलाची लस मिळाली तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो. नेहमीचा पहिला डोस नऊ महिन्यांनंतर, कारण त्याआधी आईकडून आलेली प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) लस निकामी करू शकतात. साथीत सहा महिन्यांपासून जादा डोस देतात. २०२२ च्या अखेरीस मुंबई, मालेगाव, भिवंडीत गोवर पसरला तेव्हाही तो दिला गेला. तो देण्याचा निर्णय वैद्यकीय अधिकाऱ्यांचा. त्यांना फोनवर नेमकं सांगावं लागतं : ताप कधीपासून, कुटुंब कुठून आलं, सहा महिन्यांवरची किती मुलं राहिलीत. मंगळवारचं सत्र ठरलं. आशाताईंनी घरोघरी फिरून यादी केली.

मंगळवारी सिस्टर लसवाहक पेटी घेऊन चढण चढून आल्या. या लशीची कुपी पाच डोसांची. पावडर आणि तिचं द्रावण दोन्ही २ ते ८ अंशांत थंड हवीत. कोमट द्रावण घातलं की लशीतला जिवंत विषाणू मरतो आणि टोचूनही उपयोग होत नाही. मिसळल्याची वेळ कुपीवर लिहायची, चार तासांनी उरलेली फेकायची. 'थोडीच उरलीय' म्हणून संध्याकाळपर्यंत वापरलेल्या कुपीत जंतू वाढून मुलं दगावलेली आहेत. अर्धा मिली, उजव्या दंडावर, कातडीखाली. आमचा मुलगा रांगेत तिसरा होता.

आजारी मुलीला जीवनसत्त्व अ दोन लाख युनिट, म्हणजे दोन मिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच. देवी आली म्हणून आजीने तिचं खाणं तोडलं होतं. आजींशी वाद घातला नाही. कडुलिंबाचा पाला राहू दिला, पण पातळ पेज आणि अंगावरचं दूध चालू ठेवायला सांगितलं. गोवरात मूल दगावतं ते बहुतेकदा मागाहून येणाऱ्या न्यूमोनियाने आणि जुलाबांनी, आणि उपाशी मूल लवकर. श्वास मोजायला आईला शिकवलं : या वयात मिनिटाला ४० किंवा जास्त झाले की थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा.

लशीनंतर आठव्या दिवशी आमच्या बाळाला ताप आला. लशीचा ताप साधारण पाचव्या ते बाराव्या दिवशी येतो, आणि गोवराचाही त्याच सुमारास. लगेच फरक कळत नाही. पुरळ उठत नाही हे नक्की होईपर्यंत त्याला पाड्यावर नेलं नाही. दोन दिवसांत ताप उतरला.

नऊ महिन्यांआधीचा डोस हिशेबात धरत नाहीत. नऊ महिन्यांनंतर आणि १६ ते २४ महिन्यांत दोन्ही पुन्हा द्यावे लागतात. दिवाळीनंतर ही कुटुंबं परत तोडीला जातील. त्या चारही मुलांच्या कार्डांवर पुढच्या तारखा लिहिल्या, कार्डं प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि आयांना ती रेशनकार्डाबरोबर पेटीत ठेवायला सांगितली. आमच्या घरच्या कपाटातल्या कार्डावरही तशीच तारीख आहे.