लंडनमधील माझे पहिले मतदान आणि तिसरी फुली

लंडनच्या हॅरो बरोमध्ये (बरो म्हणजे स्वतःचे कौन्सिल, म्हणजे पालिका, असलेला विभाग) राहायला येऊन दीड वर्ष झाले होते आणि कौन्सिल टॅक्सचा, म्हणजे या पालिकेच्या घरपट्टीसारख्या कराचा, हप्ता नियमाने खात्यातून जात होता. परंतु ५ मे २०२२ च्या कौन्सिल निवडणुकीत आपल्यालाही मत देता येईल, हे शेजारच्या काकांनी सांगेपर्यंत मला ठाऊक नव्हते. ब्रिटिश नागरिकत्व नसले तरी ब्रिटनमध्ये वैधपणे राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना मताधिकार असतो, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर राहणाऱ्यालाही मत देता येते. आपल्याकडे परदेशी नागरिकाला असा अधिकार नसल्याने मी आधी त्यांचे बोलणे हसण्यावारी नेले होते.

नोंदणी ऑनलाइन होती आणि तिची मुदत १४ एप्रिलला संपत होती. नाव, पत्ता, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व आणि नॅशनल इन्शुरन्स (सामाजिक विमा) क्रमांक एवढेच द्यायचे होते. मी मात्र पूर्ण नावातून वडिलांचे नाव गाळले, नोंदी जुळल्या नाहीत आणि पासपोर्टची प्रत पाठवावी लागली. पुढे पोल कार्ड, म्हणजे मतदानाची सूचना देणारे पत्र, टपालाने आले.

मतदान गुरुवारी, सकाळी ७ ते रात्री १० पर्यंत होते, म्हणून मी कामावरून परतताना गेलो. दाराशी पक्षांचे बिल्ले लावलेले कार्यकर्ते मतदार क्रमांक विचारत होते. तो सांगणे बंधनकारक नसते; कोणाचे मत पडले आणि कोणाला अजून घराबाहेर काढायचे आहे, याचा तो हिशेब असतो. आत ओळखपत्र कोणी मागितले नाही आणि बोटाला शाई लावली नाही, ही गोष्ट मला शेवटपर्यंत पचली नाही.

खरा गोंधळ मतपत्रिकेने केला. पुण्यात २०१७ साली चार सदस्यांच्या प्रभागात मी चार मते दिली होती, परंतु तेथे अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेची यादी स्वतंत्र होती. येथे आडनावांच्या वर्णानुक्रमाने लावलेली एकच यादी, तीन जागा आणि जास्तीत जास्त तीन फुल्या. सर्वाधिक मते मिळवणारे तिघे निवडून येतात. तीन हा आकडा कमाल मर्यादेचा आहे, सक्तीचा नाही, हे पत्रिकेवर दोनदा वाचून मग मी पेन्सिल उचलली. मला मनापासून हवे असलेले दोघेच होते आणि तिसऱ्याला दिलेले मत त्यांच्यापैकीच एकाला मागे टाकू शकले असते, म्हणून तिसरी फुली मी मारलीच नाही.

हॅरोत ५५ पैकी ३१ जागा जिंकून हुजूर पक्षाने मजूर पक्षाकडून सत्ता घेतली, तर त्याच दिवशीच्या निवडणुकीत लंडनमधील वेस्टमिन्स्टरचे कौन्सिल प्रथमच मजूर पक्षाकडे गेले. ओळखपत्राबाबत मात्र नियम आता बदलला आहे: २०२३ पासून इंग्लंडमध्ये केंद्रावर छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवावे लागते आणि त्यासाठी आपला भारतीय पासपोर्ट चालतो.